रिक्रूटमेंट झाली म्हणजे नोकरी लागली का?

प्रश्न गुहागर तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: "मी बीएस्सी केमिस्ट्री. वर्षभर जाहिराती बघते आहे. एकीत 'रिक्रूटमेंट' लिहितात, दुसरीत 'हायरिंग', तिसरीत 'वॉक-इन'. एका कारखान्यात मुलाखत दिली, आठवड्याने 'यू आर सिलेक्टेड' अशी मेल आली. बाबांनी वाडीत पेढे वाटले, भरती झाली म्हणून. त्याला दीड महिना झाला, अजून बोलावणं नाही. मग माझी रिक्रूटमेंट झाली की नाही? हा शब्द नक्की कशासाठी वापरायचा?"

ताई, शब्दाचा प्रश्न विचारलात ते बरं केलंत. मी 1994 साली लोट्याच्या एमआयडीसीत टाइम ऑफिसमध्ये, म्हणजे हजेरी ठेवणाऱ्या कचेरीत, चिकटलो. तेव्हा आमच्या खात्याला पर्सोनेल म्हणत, पुढे त्याचं एचआर झालं. माणसं तीच, कपाटं तीच, दारावरची पाटी बदलली. तेव्हापासून आजवर हजारभर तरी माणसांचे कागद माझ्या हातून गेले असतील, आणि त्यांतल्या निम्म्या भांडणांचं मूळ एका शब्दात होतं. माणूस एक समजून आला होता, पत्रात दुसरंच लिहिलेलं होतं.

सरळ उत्तर आधी देतो. तुमची निवड झाली आहे. नेमणूक झालेली नाही. आणि 'रिक्रूटमेंट' तुमची होत नसते, ती कंपनीची असते. कंपनी करते ती रिक्रूटमेंट. माणूस शोधण्यापासून तो दारात येईपर्यंतचा सगळा खटाटोप त्या एका शब्दात येतो. त्या खटाटोपात तुम्ही सध्या निवडीच्या पायरीवर उभ्या आहात, पुढे ऑफर, नेमणूक आणि रुजू होणं अजून बाकी आहे.

घोटाळा आपल्या 'भरती' या शब्दाने केला आहे. भरती हा मोठा ऐसपैस शब्द. पोलीस भरती, शिक्षक भरती, सैन्यभरती. जाहिरात आली तरी 'भरती निघाली', आणि पोरगा कामाला लागला तरी 'भरती झाला'. सुरुवातीला तोच शब्द, शेवटालाही तोच. भाट्याच्या वाळूत पहाटे 1600 मीटर पळणाऱ्या पोराला विचारा, काय करतोस रे? तो म्हणेल, भरती करतोय. मुली 800 मीटर पळतात, त्याही भरतीच करतात. अजून अर्जसुद्धा सुटलेला नसतो. मराठीत हे खपतं, कारण ऐकणाऱ्याला संदर्भ माहीत असतो. इंग्रजी पत्रात खपत नाही, तिथे प्रत्येक पायरीला वेगळा शब्द आहे आणि तो शब्द बघून वकील बोलतात.

किनाऱ्यावरच्या माणसाला भरती म्हटलं की आधी समुद्र आठवतो. आमच्याकडे एक खाडीपट्ट्यातला म्हातारा हेल्पर होता, त्याने मला पहिल्याच वर्षी विचारलं होतं, "साहेब, भरती काढलीत ती बरीक. पण सुकती कधी?" सुकती म्हणजे ओहोटी. मी हसलो होतो. चार महिन्यांनी ऑर्डर घटली आणि 30 तात्पुरती पोरं कमी करायचे कागद मीच टाइप केले. पुढे सेमिनारांत 'अ‍ॅट्रिशन' हा शब्द कानावर पडला, म्हणजे माणसं गळत जाण्याचं प्रमाण, तेव्हा मला तो म्हाताराच आठवायचा.

दोन शब्दांची मुळंही बघण्यासारखी आहेत. आपली भरती 'भरणे'वरून आलेली. आधी पोकळी असते, मग ती भरायची. म्हणून भरतीला एक हलका अर्थही चिकटला. कवितेत मात्रा जुळवायला घातलेला शब्द भरतीचा, आणि कामाचा नसलेला माणूस नुसता संख्येला घेतला की ती खोगीरभरती. इंग्रजी 'रिक्रूट' मात्र वाढीवरून आला आहे. फ्रेंचमध्ये पुन्हा वाढणं या अर्थाचं जे क्रियापद आहे त्यापासून, आणि ते लॅटिनमधल्या 'वाढणे'पासून. छाटलेल्या झाडाला नवी पालवी फुटावी तसं. लढाईत पलटणीतली माणसं मेली, ती नव्या माणसांनी पुन्हा वाढवायची, या अर्थाने सतराव्या शतकात तो इंग्रजीत आला. म्हणजे मुळात तो लष्करी शब्द आहे, कारखान्यांत आणि ऑफिसांत तो नंतर शिरला. आजही नुसतं 'रिक्रूट' हे नाम वापरलं तर डोळ्यांसमोर कवायत शिकणारा नवा शिपाईच येतो.

कोकणातही हा शब्द पलटणीच्या वाटेनेच आला असं मला वाटतं. दापोलीला इंग्रजांचा कॅम्प होता, म्हणून जुनी माणसं अजून 'काप दापोली' म्हणतात. रत्नागिरी-कुलाब्यातले (कुलाबा म्हणजे आताचा रायगड जिल्हा) महार मुंबईच्या फौजेत पिढ्यान् पिढ्या होते. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ, बाबासाहेबांचे वडील, त्याच फौजेतले, आणि पेन्शन घेतल्यावर ते दापोलीला येऊन राहिले. मग 1890 च्या दशकात सरकारने महारांची भरती बंद केली. महाड तालुक्यातल्या रावढळचे गोपाळ बाबा वलंगकर, स्वतः निवृत्त सैनिक, त्यांनी 1894 मध्ये त्याविरुद्ध विनंतीअर्ज तयार केला. दार पुरतं उघडायला फार वर्षं गेली. पहिल्या महायुद्धात 1917 साली एक पलटण उभी राहिली ती 1921 ला मोडली, आणि महार रेजिमेंट बेळगावात उभी राहिली ती 1941 मध्ये. नव्या पोरांना शिकवताना मी हे मुद्दाम सांगायचो. रिक्रूटमेंटचं धोरण म्हणजे नुसतं कोणाला घ्यायचं एवढंच नसतं. जाहिरातीत एक अट घातली की कोणीतरी दाराबाहेर राहतो, आणि तो कोण हे अट घालणाऱ्याला ठाऊक असावं लागतं.

गिरण्यांचं थोडं सांगतो, कारण आपल्या घराघरांत ते आहे. रत्नागिरीचा माणूस मुंबईच्या गिरणीत लागायचा तो जाहिरात वाचून नव्हे. जॉबर असायचा, तो गावचा किंवा नात्यातला. त्याने दारावर उभं केलं की काम मिळायचं, आणि त्याची मर्जी गेली की जायचं. तिथे सगळी रिक्रूटमेंट एका माणसाच्या खिशात होती. 1935 मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली कामगारांच्या नोंदीची पद्धत आणली ती काही अंशी जॉबरचा हा हात आखडण्यासाठीच. आता गंमत बघा. गिरणीत 'बदली' म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी उभा राहिलेला माणूस. सरकारी खात्यात 'बदली' म्हणजे रत्नागिरीहून गडचिरोलीला जाण्याचा हुकूम. शब्द एक, पण चाकरमान्याच्या घरी 'बाबा बदलीवर आहेत' म्हटलं तर कोणत्या खात्यातलं घर यावर अर्थ ठरायचा.

आता पायऱ्या सांगतो. त्या तुमच्याच उदाहरणावर लावतो, म्हणजे लक्षात राहतील.

कारखान्यात आधी जागा रिकामी होते किंवा नवी मंजूर होते. ती व्हेकन्सी, आपली रिक्त जागा. सरकारात किती पदं असावीत याचा जो मंजूर आराखडा असतो त्याला 'आकृतिबंध' म्हणतात. सुंदर शब्द आहे, पण ऐकून कोणाला वाटेल रांगोळीचं पुस्तक आहे. जागा मंजूर झाली की शोध सुरू होतो. जाहिरात, ओळखीपाळखी, कॉलेजात जाणं, एजन्सीला सांगणं. पाठ्यपुस्तकातला काटेकोर अर्थ घेतला तर रिक्रूटमेंट एवढीच, लायक माणसांना अर्ज करायला लावणं. इथे जितके जास्त लोक येतील तितकं बरं. मग सिलेक्शन. तिथे उलटं काम, आलेल्यांतून कमी करत जायचं. मिरकरवाड्याच्या जेटीवर सकाळी गेलात तर दोन्ही दिसतात. जाळं ओढणारे वेगळे, आणि टोपल्यांपुढे बसून मासळी निवडणाऱ्या बायका वेगळ्या. जाळं ओढणाऱ्याला जास्त हवं असतं, निवडणारीला नेमकं हवं असतं. रोजच्या बोलण्यात मात्र रिक्रूटमेंट म्हणजे जाळ्यापासून टोपलीपर्यंत सगळं, आणि तसं म्हणणं चुकीचं नाही.

सिलेक्शननंतर ऑफर. ऑफर म्हणजे प्रस्ताव: अमुक पद, अमुक पगार, अमुक तारखेपर्यंत कळवा. तुम्ही होकार दिलात की करार आकाराला येतो. मग अपॉइंटमेंट, म्हणजे नेमणूक, आणि तिचं पत्र. मग जॉइनिंग, म्हणजे रुजू होणं. मग प्रोबेशन, म्हणजे पारखून बघण्याचा काळ, आणि तो पार पडला की कन्फर्मेशन, आपल्या भाषेत 'पर्मनंट झाला'. आमच्या काळी वाडीत पेढे या शेवटच्या पायरीला वाटायचे. तुमच्या बाबांनी जरा आधी वाटले एवढंच.

तुमच्या मेलमध्ये पद आहे का? पगार आहे का? तारीख आहे का? नुसतं 'सिलेक्टेड' असेल तर ती बातमी आहे, ऑफर नाही. कंपनीने उद्या विचार बदलला तर तुमच्या हातात फारसं काही नाही. सरकारी नोकरीतसुद्धा हेच. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने शंकरसन दाश यांच्या खटल्यात सांगून टाकलं की निवड यादीत नाव आलं म्हणून नेमणुकीचा पक्का हक्क तयार होत नाही. सरकारला मनमानी करता येणार नाही, जागा न भरण्याला कारण हवं, एवढं संरक्षण मात्र आहे. खासगीत तेवढंही नाही, तिथे करार काय झाला हेच बघायचं. म्हणून निवडीच्या मेलवर हातातली नोकरी सोडू नये. तुमच्या बाबतीत सोडायला नोकरी नव्हती हे त्यातल्या त्यात बरं. लोट्यात एकाने तशी सोडली होती, आणि नव्या ठिकाणी प्रोजेक्टच पुढे ढकलला गेला. आठ महिने तो घरी होता. कंपनीचं नाव सांगत नाही, पण तो मुलगा आमच्याकडचाच होता आणि राजीनामा मीच मंजूर केला होता. आज असतो तर आधी त्याचं पत्र मागून वाचलं असतं.

'हायरिंग'बद्दल. आमच्या पिढीला हा शब्द कानाला टोचतो. इंग्लंडच्या इंग्रजीत हायर करायची ती गाडी, हॉल, मंडप. माणसाला एम्प्लॉय करत, अपॉइंट करत, रिक्रूट करत. अमेरिकेत माणसालाही सर्रास हायर करतात, आणि संगणक कंपन्यांबरोबर ती बोली आपल्याकडे आली. आता फरक जवळजवळ पुसला गेला आहे. तरी एक छटा उरली आहे. 'रिक्रूटमेंट' म्हटलं की नियम, जाहिरात, परीक्षा असं काहीतरी पद्धतशीर वाटतं. 'हायरिंग' म्हटलं की झटपट, आज मुलाखत आणि सोमवारी कामावर. म्हणून सरकारी जाहिरातीत तुम्हाला हायरिंग सहसा दिसणार नाही, आणि हॉटेलच्या दारावरच्या बोर्डवर रिक्रूटमेंट दिसणार नाही. 'वॉक-इन' म्हणजे आगाऊ बोलावणं न घेता ठरल्या दिवशी थेट मुलाखतीला जाणं. तो रिक्रूटमेंटचाच एक प्रकार, वेगळं काही नाही.

इंग्रजी वाक्यात चुका कुठे होतात तेही सांगतो, कारण बायोडेटे मीच वाचत होतो. 'आय हॅव रिक्रूटेड इन अमुक कंपनी' असं पोरं लिहितात. त्याचा अर्थ होतो, मी त्या कंपनीत माणसं भरली. आमचा मॅनेजर असा बायोडेटा बघून म्हणाला होता, वा, हा तर आपल्या खात्याचा माणूस. लिहायला हवं 'आय वॉज रिक्रूटेड बाय', आणि त्याहून साधं म्हणजे 'आय जॉइन्ड'. दुसरं, रिक्रूट माणसांना करतात, जागांना नाही. जागा 'फिल' करतात. म्हणून 'रिक्रूटमेंट ऑफ 10 व्हेकन्सीज' हे अडखळतं, 'रिक्रूटमेंट फॉर 10 पोस्ट्स' किंवा सरकारी थाटात 'टू द पोस्ट ऑफ' हे ठीक. स्पेलिंगमध्ये 'टी'नंतर एक जादा 'ई' घुसवायची खोड फार जणांना आहे, ती काढून टाका. आणि जोर दुसऱ्या भागावर, रि-क्रूट.

आता ज्या शब्दाला मी सगळ्यात जास्त घाबरतो तो. एंगेजमेंट. साखरपुडा नव्हे. पत्रात 'यू आर हिअरबाय अपॉइंटेड' असं न लिहिता 'यू आर एंगेज्ड' लिहिलं असेल तर थांबा आणि पत्र दोनदा वाचा. लिहिणाऱ्याने 'अपॉइंट' हा शब्द बहुतेक वेळा मुद्दाम टाळलेला असतो, कारण नेमणूक म्हटलं की नोकरीचं नातं आलं. एंगेजमेंट म्हणजे ठराविक काळासाठी, ठराविक कामासाठी घेतलं आहे, पुढचं काही मागू नका. सरकारी कंत्राटी पत्रांतही हीच भाषा दिसते, आणि त्यालाही इतिहास आहे. 2006 मध्ये उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की सरकारी खात्यात रीतसर भरती न होता, म्हणजे जाहिरात आणि खुली स्पर्धा न होता, मागच्या दाराने जो आला त्याला केवळ बरीच वर्षं काम केलं म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. त्यानंतर पत्रं लिहिणारे शब्द अधिकच जपून वापरायला लागले. पंधरा-पंधरा वर्षं काम केलेली माणसं मी बघितली आहेत. कामाला कोणी नावं ठेवत नव्हतं, दार चुकलं होतं.

तसाच 'ट्रेनी' आणि 'अप्रेंटिस'. दोन्ही कानाला सारखेच वाटतात, पण अप्रेंटिस हा कायद्याचा शब्द आहे. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यात त्याला कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी मानलं आहे. त्याला मिळतं ते विद्यावेतन, पगार नव्हे. मुदत संपली की घ्यायलाच हवं असं कंपनीवर बंधन नाही. शिकायला उत्तम, मी स्वतः बीएस्सीच्या पोरांना वर्षभर अप्रेंटिस करा म्हणून सांगतो, कारण प्लांटवर उभं राहिल्याशिवाय रिअ‍ॅक्टर कळत नाही. पण त्याला भरती म्हणू नका. 'ट्रेनी' मात्र कंपनीने ठेवलेलं नाव आहे. त्याच्यामागे प्रोबेशनर असू शकतो, कंत्राटी असू शकतो, काहीही. पत्र वाचूनच कळतं. उमेदवार हा शब्द फारसीतून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ आशा धरून बसलेला असा आहे. शिकाऊ उमेदवाराला तो चपखल लागू पडतो.

जुन्या टाइम ऑफिसचं एक गुपित उघड करतो. महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटींच्या नमुना नियमांत, अशी तरतूद होती की बदली किंवा तात्पुरत्या कामगाराचे 12 महिन्यांत सलग 240 दिवस भरले की त्याला कायम करायचं. मग काय व्हायचं? 230 च्या आसपास पोरगा आला की त्याला 'ब्रेक' द्यायचा. महिनाभर घरी बसायचं, भातलावणी करायची, आणि पुन्हा नव्याने 'भरती'. मस्टरवर माझ्या हाताने लाल पेन्सिलच्या खुणा केल्या आहेत मी. तेव्हा ते काम वाटलं, आज सांगायला बरं वाटत नाही. तेव्हा सलग दिवसांची नोंद तुम्ही स्वतः ठेवा. हजेरीचा मेसेज, पगाराची पावती, काही फेकू नका.

कंत्राटदाराकडून घेतात त्याचं थोडक्यात. एमआयडीसीत पाटी एका कंपनीची, पण तुमचं पत्र 'मॅनपॉवर सप्लायर'चं असतं. मग तुमचा मालक कागदावर तो सप्लायर. कंपनीने तुमची मुलाखत घेतली असेल, टोपी तिची असेल, कॅन्टीन तिचं असेल, तरी रिक्रूटमेंट सप्लायरची. पीएफ कोणाच्या नावाने जमा होतो ते बघा, खरा मालक कोण ते तिथे कळतं.

'स्थानिकांना प्राधान्य' हाही आपल्याकडचा रिक्रूटमेंटमधला गाजलेला शब्दप्रयोग. राज्याचं धोरण 80 टक्के स्थानिकांचं, हे सगळ्यांना पाठ आहे. पण स्थानिक कोण? सरकारच्या लेखी महाराष्ट्रात 15 वर्षं राहिलेला. गेटवर घोषणा देणाऱ्याच्या लेखी, ज्याच्या शेताला आमच्या कारखान्याच्या गटाराचा वास येतो तो. लातूरचा मुलगा सरकारी हिशेबात स्थानिक, गावच्या हिशेबात परका. दोन्ही बाजू एकच शब्द घेऊन मीटिंगला बसतात आणि तीन तासांनी तशाच उठतात. कोकण रेल्वेच्या वेळी निदान शब्द नेमका होता, ज्याची जमीन गेली तो. प्रकल्पग्रस्ताचा दाखला दाखवा, वाद तिथे कागदावर यायचा.

आणि रिक्रूटमेंट या शब्दाची जी बाजू कोकणात घरोघर पोचली पाहिजे ती ही. बोटीवर आणि आखातात जाणाऱ्यांची. या दोन ठिकाणी हा नुसता व्यवहारातला शब्द नाही, कायद्याचा आहे. जहाजावर माणसं पाठवणाऱ्या एजन्सीला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, त्याला आरपीएसएल म्हणतात, आणि त्यातला आर आणि पी म्हणजे रिक्रूटमेंट आणि प्लेसमेंट. असा परवाना असणाऱ्याने खलाशाकडून नोकरी लावण्याचे पैसे घ्यायचे नाहीत, हा आंतरराष्ट्रीय सागरी श्रम कराराचाही नियम आहे आणि भारताने तो करार 2015 मध्ये स्वीकारला आहे. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक), मेडिकल यांचा खर्च वेगळा, तो खलाशाचा असू शकतो. पण 'जॉइनिंगचे तीन लाख' कोणी मागत असेल तर तो रिक्रूटर नाही. आखातासाठी 1983 चा उत्प्रवासन कायदा आहे. 'रिक्रूटिंग एजंट' अशी पाटी लावायला नोंदणी लागते, आणि सेवाशुल्क 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी याहून जास्त घेता येत नाही. खेड, श्रीवर्धन, मुरूडकडच्या किती घरांनी याच्या अनेक पट पैसे 'व्हिसाचे' म्हणून मोजले आहेत. नोंदणी क्रमांक विचारा आणि सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. क्रमांक विचारल्यावर जो चिडतो, त्याच्याबद्दल मी वेगळं काय सांगू.

नाही म्हणायला, आपल्याकडे रिक्रूटमेंट हा शब्द न वापरता माणसं जमवायच्या रीती आहेतच. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद, आणि त्याच दिवसांत नाखवा, म्हणजे बोटीचा मालक, पुढच्या हंगामाच्या खलाशांना उचल (आगाऊ पैसे) देऊन ठेवतो. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, चांगला असला की खलाशी आपोआप त्याच्यामागे येतात. आता खलाशी बरेचसे नेपाळी, आंब्याच्या बागेत राखणीलाही नेपाळीच. पत्र नाही, मुलाखत नाही, पण उचल घेतली म्हणजे शब्द दिला. कारखान्यातल्या ऑफर लेटरपेक्षा हा शब्द जास्त पाळला जातो असं म्हणायचा मोह होतो, पण उचल घेऊन गावाला गेलेला खलाशी ऑगस्टमध्ये न आल्याची रड नाखव्यांकडूनही तितकीच ऐकली आहे. आणि उचल फिटत नाही म्हणून जाता येत नाही ही खलाशाची रडही. मालवणकडच्या रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या मासेमारीत, मात्र प्रकारच वेगळा. तिथे दोर ओढणारा प्रत्येक जण वाटेकरी. तिथे कोणी कोणाला रिक्रूट करत नाही.

'प्लेसमेंट' राहिलं. कॉलेजात प्लेसमेंट म्हणजे नोकरी मिळणं, आमच्या खात्यात प्लेसमेंट म्हणजे घेतलेल्या माणसाला कुठल्या विभागात, कुठल्या पाळीत बसवायचं ते. कॉलेज सांगतं '90 टक्के प्लेसमेंट', तेव्हा त्यांना विचारा, ऑफर किती, जॉइन किती, आणि अप्रेंटिस त्यात धरले आहेत का.

आता तुमचं काम. त्या कंपनीच्या एचआरला आज मेल करा, चार ओळींची, मराठीत लिहिलीत तरी कोकणातल्या एचआरला कळते. निवडीबद्दल आभार मानायचे, मग विचारायचं: ऑफर लेटर कधी मिळेल, पद आणि एकूण पगार काय, रुजू व्हायची अंदाजे तारीख कोणती, आणि पत्र कंपनीच्या नावाने असेल की कंत्राटदाराच्या. शेवटचा प्रश्न विचारायला पोरं लाजतात, लाजू नका. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, त्यांत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक केलं आहे, तेव्हा पत्र मागणं हा आगाऊपणा नाही. आठवडाभरात उत्तर नाही आलं तर एकदा फोन करा, आणि तोवर बाकीचे अर्ज थांबवू नका. खेर्डी, गाणे-खडपोली, महाड, रोहा, सगळीकडे क्वालिटी कंट्रोलला केमिस्ट्रीची माणसं लागतात.

पत्र आलं की पहिल्या परिच्छेदातलं क्रियापद कोणतं आहे तेवढं मला कळवा. 'अपॉइंट' असेल तर अभिनंदन करीन. 'एंगेज' असेल तर सही करायच्या आधी मुदतीचं कलम वाचून दाखवा.